शब्दवाल्या बाई

वसुधाताई स्वतःचे दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसायच्या. खुर्ची असो, सतरंजी असो, नाहीतर आमच्या ओसरीवरची सारवलेली जमीन असो; समोरच्याला काही विचारलं, की बाईंचे हात मांडीखाली गडप. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना थंडी वाजतेय. शिनोलीतला एप्रिल महिना, डोक्यावर पत्रा, जीव नुसता उकडून निघालेला, आणि ह्यांना थंडी! पण माझ्या मेंदूचं तेव्हा जे काही चाललं होतं ते पाहता दुसऱ्याच्या मेंदूवर शंका घ्यायचा मला काहीच अधिकार नव्हता.

त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक किल्ली काढून माझ्यासमोर धरली. "गुरुजी, हे काय आहे?" काय आहे ते मला ठाऊक होतं. कशाला लागतं, कुठल्या खिळ्याला टांगतात, हरवल्यावर घरात कोण कोणावर ओरडतं, सगळं ठाऊक होतं. नाव तेवढं येत नव्हतं. "ते... दार... घर... हे..." करत मी हवेत मनगट फिरवत राहिलो. आमच्या सुमनबाई दारात उभ्या होत्या, त्यांना कुठला धीर! "किल्ली! आवो, किल्ली म्हना की!" वसुधाताई वळल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला येतं हे कळलं मला. आता या, माझ्या शेजारी बसा, आणि हात असे खाली घ्या." आमची ही खरंच जाऊन बसली की हातांवर! मग बाईंनी कारण सांगितलं. "हात मोकळे राहिले की माझ्या खुणा सुरू होतात. मदत करायची फार वाईट खोड आहे मला. शब्द गुरुजींचा आहे, त्यांनाच आणू दे." आणि मला म्हणाल्या, "सावकाश. वाटेत असेल."

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. आंबेगाव तालुक्यातल्या वाड्यावस्त्या पालथ्या घालून शेवटी घराशेजारच्या शाळेत आलो होतो, आणि चौथीचा वर्ग सांभाळत होतो. शुद्धलेखनाच्या बाबतीत मी म्हणजे कर्दनकाळ. लग्नपत्रिका आली तर आधी लाल पेनानं तपासायचो, आणि मग लग्न कधी आहे ते बघायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून पडला. उचलायला वाकलो तो उठलोच नाही. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. जीव वाचला, पाय चालू लागला, उजवा हातही हळूहळू कामाला आला. भाषा मात्र गेली ती गेलीच.

सगळी गेली असंही नाही. एक शब्द उरला. चला! भूक लागली, चला. पाणी हवं, चला. आणि आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांची काय कमी! घोडेगाव, कळंब, पार आळ्यापासून पाहुणे आले. कोणी केळी आणली, कोणी अंगारा आणला, आणि मी जणू बहिरा झालोय अशा थाटात सगळे माझ्या कानाशी ओरडले. शेजारचा धोंडीभाऊ, मेंढरं सांभाळून आता बागायत करणारा, माझा लहानपणचा दोस्त, उशाशी येऊन बसला. मला त्याला सांगायचं होतं की बाबा रे, बस, जाऊ नकोस. तोंडातून निघालं, "चला." धोंडीभाऊ गडबडीनं उठला. "कुटं जायाचं गुरुजी? आत्ताच?" मी त्याचा हात घट्ट धरला आणि कळवळून म्हणालो, "चला! चला!" तो डोळे पुसत पायताण घालून बाहेर पडला, आणि गावभर सांगत सुटला की गुरुजींनी मला घरातनं घालवलं. पुढं कितीतरी महिने तो आमच्या ओसरीवर चढला नाही.

बोलणं नंतर थोडं थोडं आलं. तुटक, एकेक शब्दाचं, तारेच्या मजकुरासारखं. म्हटलं, आता वाचायला काय हरकत आहे. पेपर उघडला, आणि अरे देवा! कानडीत छापलाय की काय? उलटा धरून पाहिला, चष्मा पुसला, ओसरीवर उजेडात नेला. रेघा दिसत होत्या, गोल दिसत होते, काने दिसत होते, अर्थ नावाला नाही. मी त्या दिवशी रडलो. घरात बायको होती, बाहेर माणसं होती, कशाची लाज धरली नाही. हात गेला असता तर दुसऱ्या हातानं लिहिलं असतं. पण ज्या मास्तराला वाचता येत नाही त्यानं वर्गात उभं तरी कोणत्या तोंडानं राहायचं? मला परत वर्गात उभं राहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

वसुधाताई आल्या त्या अशा वेळी. पुण्यात कुठल्याशा संस्थेत संशोधन करायच्या. तिशीच्या, सडपातळ, खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी. मंचरच्या डॉक्टरांनी माझं नाव सांगितलं होतं. येताच त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं, "मी डॉक्टर नाही हं. तुम्हाला बरं करायला आलेली नाही. लिहिणं-वाचणं माणसाच्या डोक्यात कसं असतं आणि मोडतं ते कसं मोडतं, हे मला बघायचंय. इंग्रजी वाचणाऱ्यांचं पुष्कळ लिहून ठेवलंय लोकांनी. आपली बाराखडी मोडली तर नक्की काय होतं, ते फारसं कोणी विचारलेलं नाही."

सुमनच्या कपाळाला आठी. "बरं करनार न्हाई, मंग येवढ्या लांब आल्या कशाला?"

"बघायला, वहिनी. कसं मोडलं ते कळलं, तर कसं जोडायचं तेही कधीतरी कळेल."

"कधीतरी! आमाला आत्ता पायजे," असं पुटपुटत ही आत गेली, पण चहा केला. त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव पडलं, शब्दवाल्या बाई.

दर शनिवारी पुण्याहून एसटीनं यायच्या. एकदा गाडीत झोप लागली आणि थेट भीमाशंकरला पोचल्या. दुपारी परतीच्या गाडीनं प्रसादाचा नारळ घेऊन शिनोलीत उतरल्या आणि हसत म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या गावात यायच्या आधी देवाला भेटून आले." सुमनचा ठेचा खाताना डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं, तरी "अजून थोडा वाढा" चालूच. हसायच्या तेव्हा अंगणातल्या कोंबड्या पळायच्या. आणि अक्षर! एवढी शिकलेली बाई, पण अक्षर म्हणजे पावसात भिजलेली मुंगळ्यांची रांग. मी वाचू शकत नव्हतो तेच बरं होतं.

तपासणीला त्या कार्डं आणायच्या. प्रत्येकावर एक शब्द. एकदा एक कार्ड मी नीट पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "बटाटा!" सुमन ओरडली, "वांगी हाय ते!" तिला सातवीपर्यंतचं वाचता यायचं. मी खजील झालो. वसुधाताई मात्र लॉटरी लागल्यासारख्या खूश. "बटाटा! गुरुजी, तुम्हाला ही भाजी आहे हे कळलं! अक्षरं वाचता आली नाहीत, पण अर्थापर्यंत पोचलात. कुठून गेलात? कुठल्या रस्त्यानं?" मला काय ठाऊक कुठल्या रस्त्यानं! त्या मांडीखालचा एक हात काढून भराभर लिहीत होत्या. "बरोबर उत्तरातून मला काय कळणार? मला चूक द्या, चूक. भरपूर चुका करा." ज्यानं आयुष्यभर चुकांवर लाल रेघा मारल्या, त्याला असं म्हणायचं म्हणजे काय!

माझं डोकं भडकायला वेळ लागायचा नाही. आजारानं तर माचिसच करून ठेवली होती. एका शनिवारी एकामागून एक कार्डं, एकामागून एक चुका, आणि समोर ही बाई आनंदानं माना डोलावतेय. मी कार्डांची चळत उचलली आणि अंगणात भिरकावली. "मरू दे तिच्यायला ती कार्डं! खड्ड्यात गेलं सगळं!" सुमननं तोंडाला पदर लावला. लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्या तोंडून शिवी अशी तिनं ऐकली नव्हती. आणि वसुधाताई? त्या टाळ्या वाजवत होत्या! "गुरुजी, दोन वाक्यं! सलग! एकदाही अडखळला नाहीत!" मग आम्हालाही कळलं. महिनोन्महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर पडलं होतं. सुमन हसायला लागली, मी हसायला लागलो, आणि तिघं मिळून अंगणातली कार्डं वेचत बसलो. "शिव्या, आरत्या, पाढे," ताई कार्डं झटकत म्हणाल्या, "हे तोंडात बसलेलं असतं. रागात, तालात बाहेर येतं. हे तुमच्याकडं अजून शाबूत आहे."

तोंडात बसलेलं. हा शब्द त्यांनी सोडला नाही. पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेतून पहिलीच्या पोरांचा आवाज आमच्या ओसरीवर येत होता. क का कि की, कु कू के कै. माझे ओठ आपोआप हलत होते. ताईंनी पाहिलं. "गुरुजी, म्हणा ना." मी बाराखडी म्हटली. ककाराची म्हटली, मग खकाराची, गकाराची. कुठं ठेच नाही. त्यांनी 'मो' लिहिलेलं कार्ड समोर धरलं. काही नाही, कोरी पाटी. मग पिशवीतून बाराखडीचा तक्ता काढून भिंतीला टाचला आणि म्हणाल्या, "आवाज नका सांगू. नुसतं हे चित्र त्या तक्त्यात कुठं आहे ते शोधा." ते जमलं. चित्राला चित्र जुळवायला काय! "आता त्या ओळीच्या सुरुवातीपासून म्हणत या." म मा मि मी मु मू मे मै... "मो!" मी ओरडलो. सुमन सैपाकघरातून धावत आली. "काय झालं? काय झालं?" मी तक्त्याकडं बोट दाखवून लहान पोरासारखा नुसतं "मो! मो!" करत होतो. ती रडायला लागली. मग मी पण.

वसुधाताईंचे हात त्या वेळी मांडीखाली नव्हते. दोन्ही हातांनी त्यांनी आपलं तोंड झाकून घेतलं होतं. हात काढून म्हणाल्या, "मी हे करायला नको होतं." त्यांना फक्त बघायचं होतं, शिकवायचं नव्हतं. निदान सगळी तपासणी संपेपर्यंत तरी नाही. मध्येच हात घातला की आधीचं आणि नंतरचं नीट ताडून बघता येत नाही, वर्षाचं काम नासतं. पुण्याला त्यांच्या वरच्या बाईंनी त्यांना चांगलंच झापलं, हे त्यांनीच पुढच्या शनिवारी ठेच्यासोबत सांगितलं. "मग?" मी विचारलं. त्या वेळी माझे प्रश्न एका शब्दाचेच असायचे. "मग काय! माझं थोडं बिघडलं. बिघडू दे. तुम्ही 'मो' म्हणालात ना!"

अशा रीतीनं मी वाचू लागलो. वाचू लागलो म्हणजे काय, प्रत्येक अक्षराला पायऱ्या चढत जायचं. व्यंजनं लवकर परतली, मात्रा मात्र छळायच्या. कान्यापासून चढत चढत ओकारापर्यंत जायचं, आणि तोवर मागचं अक्षर विसरायचं. एक ओळ वाचायची तर चहा गार. पुन्हा भिंतीवर तक्ता हवाच. वर्गात पोरांकडं पाठ करून तक्ता बघत बसणार का मास्तर? मी वैतागून हे कसंबसं सांगितलं. सुमन तेव्हा पलीकडं बसून नाम घेत होती, अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत. ताई तिच्या हाताकडं बघत होत्या. एकदम माझा हात त्यांनी ओढला. "गुरुजी, चार बोटं. एकेका बोटाला तीन पेरं. किती झाली?" मी मास्तर होतो, हिशेब शाबूत होता. बारा. "आणि बाराखडी?" मी हाताकडं बघितलं आणि अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. क, का, कि, एक बोट संपलं. की, कु, कू, दुसरं. ओकाराचं पेर करंगळीच्या आधीच्या बोटावर येईल असं मला वाटलं, ते आलं करंगळीच्या बुडाशी... नाही, चुकलो, के, कै ही आधीच्या बोटावर, आणि त्याच बोटाचं शेवटचं पेर को. माझा पहिला अंदाज बरोबर होता. ताई खदखदून हसल्या. "तक्ता खिशात घालून न्या आता."

त्या दिवसापासून माझा डावा अंगठा सदैव पेरांवर. धोंडीभाऊ, जो तोवर रुसवा विसरून ओसरीवर यायला लागला होता, म्हणाला, "गुरुजी लई देवाधर्माला लागलं राव. सारखं नाम घेत्यात."

रजा मात्र कोणाची वाट बघत नाही. हक्काची संपली, अर्धपगारी संपत आली. घोडेगावला गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढं उभं राहून मला दाखवायचं होतं की मी शिकवू शकतो. नाहीतर प्रकृतीच्या कारणावरून घरी बसायचं. आमचे हेडमास्तर फार मायेचे. ते एका संध्याकाळी येऊन कानाशी लागले. "गुरुजी, तो विहिरीचा धडा तुम्हाला झोपेत येतो. तोच पाठ म्हणा. साहेबांपुढं पुस्तक मीच उघडून ठेवतो. कोणाला काय कळतंय?" तोंडात बसलेलं होतंच. वर्षानुवर्षं शिकवलेला धडा. मी पुस्तक हातात धरून घडाघडा म्हणून दाखवला. सुमनला काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, चमत्कार झाला! शेजारीपाजारी साखर वाटून आली.

तेवढ्यात वसुधाताई आल्या. सुमननं त्यांना दारातच सांगितलं, "ताई, गुरुजी वाचाया लागलं! ऐका तुमी, ऐका!" मला परत वाचावं लागलं. ताई शेजारी बसून ऐकत होत्या. धडा संपला. सुमन चहा टाकायला आत गेल्यावर त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, दोन पानांचा धडा आहे. पान उलटायचं राहिलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्या नाहीत. "तिथं पान उलटलंत तर साहेबांना कळणारही नाही," त्या म्हणाल्या. "मी कोणाला सांगणार नाही. वहिनींनासुद्धा नाही. नोकरी तुमची, वर्ग तुमचा. तुम्ही ठरवा." आणि चहा पिऊन निघून गेल्या. असली बाई! उपदेशाचे दोन शब्द तरी बोलायचे! त्या चार-पाच दिवसांत मी घरात कोणाशी धड बोललो नाही, आणि ह्या खेपेला दोष गुठळीचा नव्हता.

घोडेगावला मी, हेडमास्तर आणि वसुधाताई गेलो. मीच त्यांना "या" म्हटलं होतं. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, आम्ही दोघं आत. साहेब तसे भले दिसले. हेडमास्तरांनी लगबगीनं पुस्तक उघडून माझ्यासमोर सरकवलं, विहिरीचा धडा. जिभेवर पहिलं वाक्य येऊन उभं राहिलं होतं, ढकललं की निघालं असतं. पण मनात आलं, उद्या पोरं दुसरं पान उघडतील. परवा तिसरं. पोरांपुढं काय पाठ म्हणून दाखवशील, मास्तर?

मी पुस्तक मिटलं. हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांच्या पाठीमागं भिंतीवर पोलिओच्या डोसाचं पोस्टर होतं. मी तिकडं बोट केलं. "ते. ते वाचतो." आणि डावा हात मांडीवर ठेवून सुरुवात केली. आ. प. ल्या. अंगठा पेरांवरून चढतोय, उतरतोय. बा. ळा. ला. शिपायानं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. साहेबांनी घड्याळ बघितलं, फोन वाजला तो त्यांनी घेतला नाही. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला. एका शब्दाशी तर मी पार अडलो, मागं आलो, परत चढलो. शेवटी "पा. जा. पाजा!" म्हणालो आणि खुर्चीत मागं टेकलो. दोन ओळींचं पोस्टर. मला वाटलं मी शिवनेरी चढून आलोय.

साहेबांनी साय धरलेला चहा बाजूला सारला. मग म्हणाले, "गुरुजी, खरं सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. ह्या वेगानं चौथीचा वर्ग होणार नाही."

"खरंय," मी म्हणालो. मग जो शब्द हवा होता तो येईना. मी बोटं मोजली, डोळे मिटले. हेडमास्तर पुढं झाले, साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं. "पहिली," मी म्हणालो. "पहिली द्या. ती... हळू. मी... हळू."

साहेबांनी पोस्टरकडं वळून पाहिलं, मग माझ्याकडं. "पहिली," ते म्हणाले. "बरं. सहामाहीपर्यंत बघू."

बाहेर आलो तर वसुधाताईंनी हातातल्या रुमालाला पीळ देऊन देऊन त्याची दोरी केली होती. दार उघडंच होतं, सगळं ऐकलं होतं त्यांनी. मीच म्हणालो, "भजी?" आणि स्टँडवर जाऊन आम्ही तिघांनी भजी खाल्ली.

जूनमध्ये मी पहिलीच्या वर्गात उभा राहिलो. पोरं मला पाहून बिचकली नाहीत, हसली नाहीत. त्यांना वाटलं, वाचन असंच असतं. मी फळ्यावर अक्षर लिहायचो, अंगठा पेरांवर ठेवायचो, तीही आपापले चिमुकले अंगठे पेरांवर ठेवायची आणि आम्ही सगळे मिळून चढायचो. कोणालाच घाई नव्हती.

एका शनिवारी सकाळी वसुधाताई वर्ग बघायला आल्या. पोरांच्या मागं बस्करावर मांडी घालून बसल्या. मी 'पाऊस' शब्दाशी अडलो होतो. पहिल्या रांगेतली सारिका, धोंडीभाऊची नात, दोन वेण्या आणि तोंडात सदैव वेणीचं टोक, माझ्याकडं निरखून बघत होती. तिनं विचारलं, "गुरुजी, तुमी पन पहिलीतच हाय का?"

मी म्हणालो, "हो."

तिचं समाधान झालं. मग काहीतरी आठवून तिनं वेणी तोंडातून काढली. "मंग पुढच्या साली आमच्यासंगं दुसरीत येनार ना?"

मागं वसुधाताईंनी मान खाली घातली होती. सहामाहीचंच खरं नव्हतं, दुसरीचं कोणी पाहिलंय! पण सारिका वाट बघत होती. "येईन," मी म्हणालो.

शाळा सुटल्यावर स्टँडवर ताईंनी सांगितलं की हा त्यांचा शेवटचा शनिवार. इथलं काम संपलं. त्या दक्षिणेकडं निघाल्या होत्या, तिकडच्या लिप्या मोडलेली माणसं बघायला. "आधी सांगितलं असतं तर आज वर्ग बघायला मिळाला नसता मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही रडला असता, मी रडले असते." आणि सांगून झाल्यावर दोघंही रडलो, स्टँडवरची माणसं बघत असताना. मला त्यांना कितीतरी सांगायचं होतं. एकही शब्द आला नाही. गाडी आली, त्यांनी त्यांच्या त्या भयाण अक्षरात फोन नंबर लिहून दिला आणि गेल्या.

सहामाही झाली, वार्षिक झाली. पुढच्या जूनला मी घोडेगावच्या एसटीडी बूथवर गेलो आणि नंबर फिरवला. फोनवर बोलणं मला फार अवघड जायचं, समोर माणूस दिसत नाही ना. पलीकडून "हॅलो" आल्यावर मी एवढंच म्हणालो, "दुसरी." त्या ओरडल्याच. मी फोन ठेवून पैसे दिले. त्याच्या पुढच्या जूनला, "तिसरी." त्याच्या पुढच्या जूनला, "चौथी." चौथीत आम्ही विहिरीचा धडा वाचला. दोन्ही पानं. सारिका माझ्यापेक्षा पुष्कळ वेगानं वाचायची आणि शेवटच्या ओळीशी थांबून माझी वाट बघायची.

ती पोरं चौथी होऊन गेली त्यानंतरच्या जूनला मी पुन्हा बूथवर गेलो. ह्या खेपेला ताईंनीच आधी विचारलं, "गुरुजी, आता? पाचवी?"

"पाचवीला हायस्कूल," मी म्हणालो. "सारिका गेली. सगळी गेली. मी परत पहिलीत आलोय, ताई. नवीन पोरं आलीत, त्यांना अजून काहीच येत नाही."

पलीकडं त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बूथवाल्यानं काचेतून वळून माझ्याकडं पाहिलं.